बी.एड.च्या सराव पाठांत संगणक शिकवण्याच्या कामाला कसा लावायचा?

अध्यापकखोली (प्रश्न)

नमस्कार. बी.एड. पहिल्या वर्षाचा आयसीटीचा (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा) पेपर आणि विज्ञान अध्यापन पद्धती हे दोन्ही विषय माझ्याकडे आहेत. ५० छात्राध्यापक, प्रयोगशाळेत चालू स्थितीतले १२ संगणक, इंटरनेट आहे पण भरवशाचे नाही. सराव पाठ होतात त्या बहुतेक शाळांत एकच प्रोजेक्टर किंवा भिंतीवरचा एकच मोठा टीव्ही आहे.

छात्राध्यापकांना स्लाइड बनवता येतात, व्हिडिओ कापता येतो, गूगल फॉर्म करता येतो. पण पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आखणीत) ‘शैक्षणिक साधने : पीपीटी’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात पाठ्यपुस्तकातलाच परिच्छेद पडद्यावर येतो, तो वाचून दाखवला जातो, फळा कोराच राहतो. लेखी परीक्षेत टीपॅकची (विषय, अध्यापन पद्धती आणि तंत्रज्ञान या तीन ज्ञानांची सांगड दाखवणाऱ्या चौकटीची) तीन वर्तुळे सगळे बिनचूक काढतात, ती पाठात मात्र उतरत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, संगणकामुळे समज वाढली असे म्हणता येईल असा पाठ कसा बांधून घ्यायचा? दोन, एवढ्याच साधनांत ५० जणांचा सराव कसा बसवायचा? शक्यतो नेमके सांगा, तत्त्वे पुस्तकात आहेत.

---

तारजोडणी

छात्राध्यापकांना संगणक येतो हे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे अडते ते टाचणाच्या क्रमात. आधी ‘पीपीटी’ ठरते आणि मग तिच्यात काय घालायचे ते शोधले जाते. टाचणात साधनांच्या आधी एक रकाना वाढवा : ‘या घटकात मुले नेमके काय चुकीचे समजतात?’ तो रिकामा असेल तर साधनाचा रकाना भरू देऊ नका. मिश्रा आणि कोहलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये टीपॅक मांडले ते शिक्षणतज्ज्ञ शुलमन यांच्या १९८६ च्या मांडणीवर. विषय येणे वेगळे आणि तो मुलांना कुठे अडतो हे ठाऊक असणे वेगळे, हा शुलमन यांचा मुद्दा. तो सुटला की तंत्रज्ञानाचे वर्तुळ बाहेरून चिकटवल्यासारखे राहते.

विज्ञानातला एक पाठ पूर्ण मांडतो. घटक : दिव्यांची एकसर जोडणी. चुकीची समजूत : पहिला दिवा थोडी विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’, म्हणून दुसऱ्याला कमी मिळते. ही समजूत फार चिवट असते, छात्राध्यापकांतही सापडते. आधी त्यांचीच चाचणी घ्या.

आता प्रश्न असा की इथे संगणक कशाला? कारण खऱ्या साहित्याने ही समजूत उलट पक्की होऊ शकते. बॅटरीचे दोन दिवे दोन वेगळ्या कंपन्यांचे असले तर एकसर जोडणीत एक मंद, एक जास्त मंद पेटतो आणि मुलगा म्हणतो, “बघा, याला कमी मिळाली!” हल्ली दिवे मिळत नाहीत म्हणून एलईडी वापरतात, तिथे आणखी घोटाळा होतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तो १.५ व्होल्टच्या एका घटावर पेटतच नाही. उलटा जोडला तरी पेटत नाही. मूळ प्रश्न बाजूला राहतो. सारख्या रोधाचे दोन दिवे आणि हवे तिथे लावता येणारा ॲमीटर (धारा मोजणारे उपकरण) हवा, तो फेटच्या ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी’ या सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या आभासी प्रयोगात) आहे. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा, कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. सिम्युलेशन फुकट आहेत, अनेकांची मराठी आवृत्तीही मिळते, आणि एकदा उतरवून घेतलेली एचटीएमएल फाइल नेट बंद असतानाही ब्राउझरमध्ये चालते.

३५ मिनिटांचा पाठ असा :

पहिली ८ मिनिटे पडदा बंद. टेबलावर दोन घट, एक दिवा, तारा. दिवा पेटवा. दुसरा एकसर जोडा. दोन्ही मंद झाले, का, हे मुलांना बोलू द्या. बरोबर-चूक सांगायचे नाही.

मग पडदा सुरू. सर्किट आधीच जोडून ठेवलेले हवे, वर्गात माऊस घेऊन तारा जुळवत बसले तर ५ मिनिटे तिथेच जातात. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन दिवे, एक कळ, आणि कळ उघडी. ॲमीटर पहिल्या दिव्याआधी लावला, दोन दिव्यांमध्ये लावला, दुसऱ्यानंतर लावला, तर तीन आकडे कसे असतील? तिन्ही सारखे, की उतरत जाणारे, की आणखी काही? प्रत्येकाने वहीत लिहायचे. हात वर करून मते मोजायची आणि फळ्यावर मांडायची. सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कळ दाबायची नाही. पाठाचा जीव याच दोन मिनिटांत आहे आणि घाईने नेमकी हीच दोन मिनिटे गाळली जातात.

कळ दाबली की तिन्ही जागी ०.४५ अँपिअर. इथे छात्राध्यापकाने लगेच स्पष्टीकरण देऊ नये. ज्यांचा अंदाज चुकला त्यांच्यापैकी दोघांना विचारावे की आता काय म्हणाल. मग एक दिवा काढून त्या जागी तार : ०.९० अँपिअर. धारा संपत नाही, रोध वाढला की सगळ्या मंडलातच कमी होते, हे मुलांच्या तोंडून यायला आता वाट मोकळी होते. शेवटची ५ मिनिटे पडदा पुन्हा बंद, निष्कर्ष आणि आकृती फळ्यावर. समांतर जोडणीचा फक्त अंदाज लिहून घ्यायचा, पडताळा पुढच्या तासाला.

या सिम्युलेशनमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. सुरुवातीला पडद्यावर इलेक्ट्रॉन फिरताना दिसतात आणि ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात. पुस्तकातला धारेचा बाण नेमका उलटा. तयारी नसेल तर पाठ तिथेच भरकटतो. धारेची दिशा दाखवण्याचा पर्याय आधी बदलून ठेवा, किंवा ठरवून हाच मुद्दा चर्चेला घ्या. दुसरे, बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की ज्वाळा दिसतात आणि वर्गाला तेच पुन्हा पुन्हा पाहायचे असते. माऊस मुलांच्या हाती देण्याआधी शॉर्ट सर्किट एकदा दाखवून, त्याचे कारण बोलून मोकळे व्हा. मराठी आवृत्तीतल्या संज्ञाही बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. पुस्तकात ‘रोध’ आणि पडद्यावर दुसराच शब्द असेल तर फळ्यावर पुस्तकातला लिहून ठेवायचा.

---

शिरोबिंदू

गणितवाल्यांसाठी पूरक. जिओजेब्रा हे गणिती आकृत्यांचे सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून ठेवले तर नेट लागत नाही. छात्राध्यापकाने बनवलेली फाइल तपासायची एकच कसोटी पुरते : एक शिरोबिंदू धरून ओढा. ‘मध्यगासंपात मध्यगेला २ : १ या गुणोत्तरात विभागतो’ या पाठात बरेच जण बाजूचा मध्यबिंदू डोळ्यांच्या अंदाजाने ठेवतात. आकृती छान दिसते, पण त्रिकोण ओढला की मध्यगा सरकतात आणि एका बिंदूत मिळत नाहीत. ‘मध्यबिंदू’ साधनाने काढलेली आकृती कितीही ओढली तरी टिकते. आकृती ‘दिसणे’ आणि ‘रचणे’ यातला फरक मुलांना शिकवायचा असतो, तो आधी शिक्षकाला असा कळतो.

आणखी एक. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दाखवताना पूर्णांकात गोळाबेरीज ठेवली तर पडद्यावर ६०, ६० आणि ६१ दिसू शकतात. बेरीज १८१! खरे कोन ५९.६, ५९.७, ६०.७ असतात. छात्राध्यापक गडबडतो आणि म्हणतो, “संगणकाची चूक आहे.” चूक नाही, प्रत्येक संख्या वेगवेगळी जवळच्या पूर्णांकात आणल्यावर असे होणारच. दोन दशांश ठेवले तरी शेवटच्या अंकात फरक येऊ शकतो. हे आधी माहीत असेल तर त्यातूनच पाच मिनिटांची उत्तम चर्चा होते : मोजमापाने सिद्धता का होत नाही? शंभर त्रिकोण ओढून पाहिले तरी ती सिद्धता नव्हे. ती फळ्यावर, समांतर रेषा काढूनच होते.

---

वायर_आणि_कळ

पाठ चांगला बांधला तरी पहिली दहा मिनिटे जोडणीत गेली तर वर्ग हातचा जातो. सराव पाठाला जाताना सोबत काय हवे ते सांगतो.

नव्या लॅपटॉपला एचडीएमआय असते, शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला बऱ्याचदा फक्त व्हीजीए. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर हवा, नुसती केबल चालत नाही, कारण डिजिटल संकेताचा ॲनालॉग करावा लागतो. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून स्पीकर आणि त्याची वायर वेगळी. विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचे. ‘एक्स्टेंड’वर राहिले तर पडद्यावर रिकामा डेस्कटॉप दिसतो आणि सगळे वायर हलवत बसतात. वर्गातला प्लग बहुधा दाराशी असतो, त्यामुळे लांब एक्स्टेन्शन बोर्ड न्यायचाच. वायर मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आली तर चिकटपट्टीने जमिनीला पक्की करा.

टीव्ही असेल तर व्हिडिओ एमपी४, एच.२६४ या प्रकारात ठेवा. इतर प्रकार काही टीव्ही उघडत नाहीत, किंवा चित्र येते आणि आवाज येत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. सिम्युलेशन पेनड्राइव्हवरून टीव्हीत चालेल असे गृहीत धरू नका, लॅपटॉप टीव्हीला जोडूनच दाखवा.

अक्षरे किती मोठी? चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब शेवटचे बाक नको, हा ढोबळ हिशेब. ८ मीटर लांब वर्गात चित्र निदान १.३ मीटर उंच हवे. स्लाइडवर २८ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. देवनागरीत तर आणखी मोठे, कारण मात्रा, अनुस्वार आणि रफार लांबून पुसट होतात. तपासायला सोपे : छात्राध्यापकाने पाठाआधी शेवटच्या बाकावर बसून स्वतःची स्लाइड वाचायची.

दिव्याचा प्रोजेक्टर बंद करताना आधी त्याचे बटण दाबा आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. घंटा झाली म्हणून घाईने वायर ओढली की आतली उष्णता कोंडते आणि दिव्याचे आयुष्य कमी होते.

टाचणात एक ओळ सक्तीची करा : ‘वीज गेल्यास’. त्यापुढे ‘चर्चा घेईन’ चालणार नाही. कोणती आकृती फळ्यावर काढणार, कोणता आकडा सांगणार, हे लिहायचे. तारजोडणी यांच्या पाठात अंदाज वहीत लिहून झालेले असतील तर वीज गेली तरी निम्मा पाठ हातात राहतो.

---

काना_मात्रा

भाषेच्या अध्यापकांना संगणक म्हणजे कवितेची चित्रफीत एवढेच वाटते, म्हणून एक उदाहरण. फोनवर मराठी आवाजी टंकन सुरू करून उतारा वाचला की मजकूर बहुतेक विरामचिन्हांशिवाय येतो, अधूनमधून ऱ्हस्व-दीर्घ चुकते. तो तसाच पडद्यावर ठेवा. ‘राजू आला नाही गेला.’ स्वल्पविराम कुठे? ‘राजू आला, नाही गेला’ की ‘राजू आला नाही, गेला’? विरामचिन्हांची यादी पाठ करून जे होत नाही ते या एका वाक्यात होते. उतारा आदल्या दिवशी टंकित करून ठेवा, वर्गात थेट बोलायला गेलात तर आवाजाच्या गोंगाटात काहीही उमटते.

दुसरी गोष्ट टंकनाची, आणि ती गांभीर्याने घ्या. आयसीटीच्या पेपरात युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरे) टंकन शिकवल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तिच्यात शोध घेता येत नाही, आणि एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सॉफ्टवेअर) ती वाचू शकत नाहीत. म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ती फाइल कोरीच.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. गूगल फॉर्मच्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात उत्तरसूचीत एक रूप आणि विद्यार्थ्याचे दुसरे असेल तर बरोबर उत्तराला शून्य गुण. ‘५’ आणि इंग्रजी अंकातला पाच यांचेही तेच. म्हणून अशा प्रश्नाला सगळी रूपे उत्तर म्हणून नोंदवा, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न द्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीला शिफ्ट दिली की ऱ मिळतो आणि ल च्या कळीला शिफ्ट दिली की ळ. एवढे दोन लक्षात राहिले तरी अर्धी अडचण सुटते.

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दलही सांगून ठेवते. कोड स्कॅन होत नसेल तर त्याखाली छापलेली सहा अक्षरे दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपमध्ये टंकित करा. साहित्य ॲपमध्येच उतरवून ठेवता येते. पण उतरवण्याआधी पूर्ण पाहा. सगळे सारख्या दर्जाचे नाही, आणि दहा मिनिटांच्या चित्रफितीतली कामाची दीड मिनिटेच असतात. तेवढीच दाखवा आणि थांबवा.

---

अध्यापकखोली

फार उपयोगी पडले. ‘वीज गेल्यास’ आणि ‘चुकीची समजूत’ हे दोन्ही रकाने टाचणात घालते. आता सरावाचे सांगा. ५० जणांना हे करायला लावायचे आणि गुणही द्यायचे, तर कसे? आणि पाठांचे चित्रीकरण करावे का?

---

तारजोडणी

मॅडम, सूक्ष्म अध्यापनाचे (सहकाऱ्यांसमोर छोटा पाठ घेण्याच्या सरावाचे) चक्र आहे तेच वापरा : ६ मिनिटे अध्यापन, ६ प्रत्याभरण (अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. एकाला ३६ मिनिटे. पाच-पाच जणांचे १० गट करा, म्हणजे एका गटाचे पाचही जण ३ तासांत पूर्ण होतात. प्रत्येक गटाला एक संगणक, दोन राखीव. तुमचे १२ संगणक पुरतात, प्रोजेक्टर लागत नाही, पाच जण एका मॉनिटरभोवती बसू शकतात.

फक्त कौशल्ये नवी घ्या. एक, अंदाज लिहून घेऊन मगच कळ दाबणे. दोन, पडद्यावरून फळ्यावर आणि परत येणे. तीन, पडदा वेळेवर कोरा करणे. स्लाइड शोमध्ये ‘बी’ कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. साधी गोष्ट आहे, पण चित्र समोर असेपर्यंत मुलांचे डोळे तिथेच राहतात, शिक्षकाचा प्रश्न कानावरून जातो.

निरीक्षकाला शेरे लिहायला लावू नका, मोजायला लावा : पडदा किती मिनिटे चालू होता, मुलांनी किती वेळा वहीत लिहिले, शिक्षकाने स्लाइड वाचून दाखवली का, प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये किती सेकंद थांबला. १० गटांवर तुम्ही एकट्या लक्ष ठेवू शकणार नाही, हे आकडे तुमच्या जागी काम करतील.

२० गुण असे : चुकीची समजूत नेमकी ओळखणे ५, अंदाज घेणारा प्रश्न ५, पडदा आणि फळा यांचा मेळ ४, वीज गेल्याची तयारी ३, उपकरणाची हाताळणी ३. सजावटीला, रंगांना, ॲनिमेशनला शून्य. हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, स्लाइडचा सोस आपोआप उतरतो.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे शाळेत निदान २० आठवडे आहेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पहिल्या ४ आठवड्यांत संगणकाचा पाठ मागू नका. प्रत्येकाने आपल्या विषयाच्या दोन घटकांवर मुलांच्या वह्या पाहून चुकीच्या समजुतींची यादी आणायची, आणि शाळेत प्लग, पडदा, टीव्हीचे पोर्ट कुठे-कसे आहेत ते टिपून आणायचे. दुसऱ्या वर्षीचे पाठ त्या यादीवरच बांधले जातील.

---

काना_मात्रा

चित्रीकरणाबद्दल. सूक्ष्म अध्यापनात समोर सहकारीच असतात, तिथे जरूर करा. स्वतःला पडद्याकडे तोंड करून बोलताना पाहिले की सांगावे लागत नाही. शाळेत मात्र जपून. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचे लेखी पत्र दोन्ही घ्या. फोन वर्गाच्या मागच्या भिंतीशी स्टँडवर, चौकटीत शिक्षक आणि फळा, मुलांच्या फक्त पाठी. फाइल व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. महाविद्यालयाच्या एका संगणकावर ठेवा, प्रत्याभरण झाले की पुसा, आणि पुसल्याची तारीख पाठाच्या नोंदवहीत लिहा.

---

वायर_आणि_कळ

त्यात एक भर : मागच्या भिंतीवरून फोनला आवाज नीट येत नाही, पंखा तेवढा ऐकू येतो. दुसरा फोन ध्वनिमुद्रण सुरू करून छात्राध्यापकाच्या खिशात ठेवा, विमान मोडवर. दोन्ही मुद्रणे सुरू झाल्यावर त्याने एकदा टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवताना ती खूण सापडते.